दोन चाकांमधला दांडा

जुनी मारुती ८०० चालवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. रस्त्याच्या पूर्ण रुंदीचा गतिरोधक येतो, पुढची दोन्ही चाकं एकदमच चढतात, एकदमच उतरतात आणि गाडी निमूट पुढे जाते. थोड्या अंतरावर डाव्या कडेला चार बोटं खोल खड्डा लागतो. एकटं डावं चाक त्यात उतरतं आणि पायाखालून कुठूनतरी 'खट' असा कोरडा आवाज येतो. गतिरोधकाची उंची खड्ड्याच्या खोलीपेक्षा जास्त होती, धक्काही तिथे मोठा बसला होता. मग आवाज तिथे का आला नाही?

गॅरेजमध्ये हे सांगितलं, की बरेचदा गाडीखाली न वाकताच उत्तर मिळतं, "स्टॅबिलायझर गेलाय, बदलून टाकू." हा स्टॅबिलायझर म्हणजे कुठला भाग, तो 'गेला' म्हणजे त्याचं काय झालं आणि बदलायचं म्हणजे नक्की काय बदलायचं, हे मालकाला माहीत असेल तर पैसे वाचतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चुकीची दुरुस्ती टळते. या गाडीत तो भाग साधा नाही. पुढचं चाक जागेवर राहणं त्याच्यावर अवलंबून आहे.

ओल्या चादरीचा पीळ

गाडीच्या पुढच्या भागाखाली, बंपरच्या थोडं मागे, एक पोलादी दांडा आडवा बसवलेला असतो. हाच स्टॅबिलायझर. मधला भाग गाडीच्या रुंदीभर जातो आणि दोन्ही बाजूंना तो मागे वळतो. मधल्या भागाला दोन ठिकाणी रबरी बुश घालून, वरून पत्र्याच्या पकडीने गाडीच्या सांगाड्याला धरलेलं असतं. मागे वळलेली टोकं उजव्या आणि डाव्या लोअर आर्मला जोडलेली असतात. लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून धरणारी भुजा. चाक वर-खाली झालं, की तीही वर-खाली होते आणि तिच्याबरोबर दांड्याचं टोकही.

आता दोघांनी मिळून ओली चादर पिळायला घेतली आहे असं समजा. दोघांनीही आपापलं टोक असं फिरवलं, की सगळी चादर एकाच बाजूला लोळेल, तर ती नुसती गोल फिरते. पाण्याचा थेंबही निघत नाही. दोघांनी उलट दिशांना फिरवलं तर पीळ बसतो आणि तो उलगडू पाहणारी चादर हाताला ओढ देते. एकाने टोक नुसतं घट्ट धरलं आणि दुसऱ्याने फिरवलं तरी पीळ बसतोच, फक्त निम्मा.

पोलादी दांड्याचं काम हुबेहूब असं चालतं. दोन्ही चाकं सारखीच वर गेली, तर दांडा आपल्या रबरी बुशांमध्ये नुसता फिरतो. एकच चाक वर गेलं, की त्याला पीळ बसतो. एक वर आणि दुसरं खाली गेलं, की दुप्पट पीळ बसतो. चाक किती उचललं गेलं याच्याशी दांड्याला काही देणंघेणं नाही; त्याला कळतो तो फक्त दोन चाकांच्या उंचीतला फरक. गतिरोधकावर दोन्ही चाकं १० सेंटिमीटर उचलली गेली तर फरक शून्य. खड्ड्यात एक चाक ३ सेंटिमीटर उतरलं तर फरक ३. वळणावर बाहेरचं चाक ३ सेंटिमीटर आत दबलं आणि आतलं ३ सेंटिमीटर बाहेर लोंबलं तर फरक ६.

वळणावर हाच दांडा उपयोगी पडतो. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट घ्या. डावीकडचं वळण आलं, की गाडीचं अंग उजवीकडे झुकतं, उजवी स्प्रिंग दबते, डावी सैल होते. त्याबरोबर दांड्याला पीळ बसतो. पीळ उलगडायला बघतो, म्हणून दांडा उजव्या बाजूने गाडीचं अंग वर रेटतो आणि डाव्या बाजूने खाली ओढतो. झुकणं पूर्ण थांबत नाही, पण आवाक्यात राहतं. लगेच उजवीकडचं वळण आलं, की हाच खेळ उलट्या बाजूने. म्हणजे हा दांडाही एक स्प्रिंगच आहे, फक्त दबण्याऐवजी पिळली जाणारी.

सुरुवातीच्या कोड्याचं उत्तरही यातच आहे. बुशातलं रबर झिजलं, की दांडा आणि पकड यांच्यात फट पडते. सरळ गतिरोधकावर दांडा बिनपिळाचा फिरतो, त्याच्यावर ताण नसतो, म्हणून तो फटीत उगाच आपटत नाही. एका चाकाच्या खड्ड्यात मात्र पीळ बसतो, दांडा फटीची एक बाजू सोडून दुसऱ्या बाजूवर जाऊन आदळतो, आणि आपल्याला 'खट' ऐकू येतं. खात्री करायची असेल, तर मोकळ्या रस्त्यावर तोच गतिरोधक एकदा सरळ आणि एकदा तिरका, एकेक चाक चढवत, अगदी सावकाश ओलांडून बघावा. सरळ जाताना शांत आणि तिरकं जाताना खटखट असेल, तर संशयाचा काटा स्टॅबिलायझरच्या रबरांकडे वळवायला हरकत नाही.

एक मिलिमीटरची किंमत

दांड्याचा ताठरपणा त्याच्या जाडीवर अवलंबून असतो, पण साध्या प्रमाणात नाही. जाडी दुप्पट केली तर ताठरपणा दुप्पट होत नाही, सोळा पट होतो. तो जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. याचं कारण समजायला अवघड नाही. जाडी दुप्पट झाली, की छेदातलं पोलाद चौपट होतं. शिवाय ते पोलाद दांड्याच्या मध्यापासून दुप्पट लांब जातं. लांबच्या पोलादाला तेवढ्याच पिळात दुप्पट ताणलं जावं लागतं, आणि मध्यापासून दुप्पट अंतरावर असल्यामुळे त्याचा विरोधही दुप्पट परिणामकारक ठरतो. चार गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे सोळा.

म्हणूनच २० मिलिमीटरऐवजी २२ मिलिमीटरचा दांडा बसवला, तर बघताना फरक जाणवत नाही, पण ताठरपणा सुमारे ४६ टक्के वाढतो. उलट बाजूने बघा. कोकणात किंवा गोव्यात, खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचा २० मिलिमीटरचा दांडा गंजून १९ झाला, तर सुमारे साडेअठरा टक्के ताठरपणा गेला. गंज दिसायला वरवरचा असतो, पण तो नेमका त्याच पोलादाला खातो, जे मध्यापासून सर्वांत दूर आहे आणि सर्वांत जास्त काम करतं.

मध्यभागाचं पोलाद जवळजवळ बसूनच असतं, हे या हिशेबाचं दुसरं टोक. दांड्याच्या मधून निम्म्या व्यासाचं भोक आरपार काढलं, तर वजन २५ टक्के घटतं, ताठरपणा मात्र जेमतेम सव्वासहा टक्के. हल्लीच्या अनेक गाड्यांमध्ये हा दांडा पोकळ असतो तो याच कारणाने.

वजन सरकतं ते सरकतंच

या दांड्याबद्दल एक गैरसमज चांगल्या जाणकारांमध्येही आढळतो. दांडा जाड असला, की वळणावर वजन बाहेरच्या चाकांवर कमी जातं, असं समजलं जातं. तसं होत नाही.

मारुती ८०० रिकामी साधारण ६५० किलोची. दोन माणसं बसली, की ८०० धरू. जरा जोरात घेतलेल्या वळणावर वजनाच्या निम्मा आडवा जोर, म्हणजे ४०० किलोचा, गाडीला बाहेर ढकलतो असं समजू. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर धरू. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर साधारण १.२ मीटर आहे. चारशेला अर्ध्याने गुणून १.२ ने भागलं, की सुमारे १६७ किलो येतात. एवढं वजन आतल्या चाकांवरून उठून बाहेरच्या चाकांवर जाणारच. या हिशेबात स्प्रिंग कुठे आली? दांडा कुठे आला? फक्त आडवा जोर, उंची आणि रुंदी. (झुकल्यामुळे गुरुत्वमध्य थोडा बाहेर सरकतो, त्याची भर यात पडते, पण ती किरकोळ.)

मग दांडा काय करतो? ते १६७ किलो पुढच्या जोडीने किती उचलायचे आणि मागच्या जोडीने किती, याची वाटणी तो ठरवतो. पुढचा दांडा जितका ताठ, तितका पुढच्या जोडीचा वाटा मोठा. आणि इथे टायरचा एक स्वभाव आडवा येतो. टायरवर वजन वाढलं, की त्याची रस्त्यावरची पकड वाढते खरी, पण वजनाच्या प्रमाणात नाही, थोडी कमी. कल्पनेतले आकडे घेऊन सांगायचं तर २०० किलो भार असलेला टायर १८० किलोची पकड देत असेल. दोघांची मिळून ३६०. आता एकावर ३०० आणि दुसऱ्यावर १०० आले, तर पकड अनुक्रमे २५० आणि ९५ अशी काहीतरी होते. बेरीज ३४५. भार तेवढाच राहिला, पकड घटली.

म्हणजे पुढे फार ताठ दांडा बसवला, तर झुकणं कमी होईल, गाडी घट्ट वाटेल, पण पुढच्या चाकांची एकूण पकड कमी होईल. स्टिअरिंग वळवलं तरी गाडी वळणाच्या बाहेर सरकत राहील. मारुतीत इंजिनाचा जोरही पुढच्याच चाकांवर असतो, त्यामुळे आतलं हलकं झालेलं चाक घाटातल्या चढावर ओल्या रस्त्यात जागीच फिरू लागेल. शिवाय खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यावर एका चाकाचा धक्का दांडा दुसऱ्या बाजूलाही पोहोचवतो. दांडा जेवढा ताठ, तेवढं डोकं डावी-उजवीकडे जास्त हलतं. जीपच्या रँग्लर रुबिकॉनमध्ये खडकाळ वाटेवर पुढचा दांडा बटण दाबून सोडवता येतो, तो चाकांना एकमेकांपासून मोकळं करण्यासाठीच. शर्यतीच्या हौसेने जुन्या ८०० ला जाड दांडा लावणारे हौशी आहेत. रोजच्या वापराच्या गाडीला, महाराष्ट्रातल्या पावसाळी रस्त्यांवर, मी तो सल्ला कुणालाही देणार नाही. कंपनीने ठरवलेली जाडी हीच योग्य जाडी.

मारुतीच्या दांड्याचं दुसरं काम

हा दांडा तसा जुना. त्याचं पहिलं पेटंट कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या स्टीफन कोलमन यांना १९१९ साली मिळालं. पण आपल्या गोष्टीत खरं वळण येतं ते अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्यामुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर शेव्हरोलेसाठी एक छोटी, स्वस्त गाडी आखताना त्याने पुढच्या चाकाची मांडणी अगदी सुटसुटीत केली. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात, आणि खाली एकच भुजा. ती गाडी बाजारात आलीच नाही. मॅकफर्सन फोर्डमध्ये गेला आणि १९५० च्या सुमारास ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफर गाड्यांत ही मांडणी आली. आज जगातल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे 'मॅकफर्सन स्ट्रट' असतो.

खालची एकच आडवी भुजा चाकाला डावी-उजवीकडे सरकू देत नाही, पण पुढे-मागे सरकण्यापासून ती अडवू शकत नाही. ब्रेक लावला, की रस्ता चाकाला मागे ओढतो. त्याला कुणीतरी धरायला हवं. मॅकफर्सनने त्यासाठी वेगळा दांडा लावला नाही. स्टॅबिलायझरची टोकं भुजेत पक्की बसवली आणि तेही काम त्याच्यावरच सोपवलं. एक भाग वाचला, वजन वाचलं, खर्च वाचला.

१९८३ च्या डिसेंबरमध्ये रस्त्यावर आलेली आणि २०१४ च्या जानेवारीपर्यंत बनत राहिलेली मारुती ८०० हाच वारसा चालवते. २५ लाखांहून जास्त गाड्या बनल्या. गावोगावी, वाड्यावाड्यांत त्या अजून चालताहेत. हल्लीच्या कित्येक गाड्यांत स्टॅबिलायझर आणि चाक यांच्यामध्ये एक छोटी लिंक रॉड असते. ती झिजली तर आवाज येतो, गाडी वळणावर जास्त झुकते, पण चाक जागेवरच राहतं. ८०० मध्ये मधली लिंक नाही. दांड्याचं टोक लोअर आर्ममधल्या भोकातून आरपार जातं, दोन्ही बाजूंनी रबर आणि वॉशर, आणि शेवटी नट. तिथलं रबर संपलं, की ब्रेक लावताच ते चाक थोडं मागे सरकतं, सोडल्यावर पुढे येतं. एका बाजूचं रबर दुसरीपेक्षा जास्त गेलं असेल, तर ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढते, आणि मालक बिचारा ब्रेकच्या लायनर बदलत बसतो.

म्हातारं होतं ते रबर

"गाडी जुनी झाली, दांडा मऊ पडला" हे वाक्य गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतं. पोलाद असं मऊ पडत नाही. पिळाला विरोध करण्याचा पोलादाचा गुण वयाने घटत नाही, आणि साध्या पोलादापासून भारी स्प्रिंग-पोलादापर्यंत तो जवळजवळ सारखाच असतो. म्हणजे तीस वर्षांचा दांडा जर वाकलेला नसेल, गंजून बारीक झाला नसेल आणि कुठे तडकला नसेल, तर तो कोऱ्या दांड्याइतकाच ताठ आहे. गाडी पूर्वीपेक्षा जास्त झुकते, हेलकावते, याची कारणं दांड्याच्या रबरांत, शॉकअपमध्ये किंवा बसलेल्या स्प्रिंगमध्ये शोधावीत.

मग स्वस्त नकली दांडा आणि अस्सल दांडा यांत फरक काय? ताठरपणात फारसा नाहीच. फरक पडतो तो सोसण्यात. चांगलं पोलाद तापवून, तेलात विझवून, पुन्हा ठराविक तापमानाला आणलेलं असतं; ते लाखो वेळा पिळलं तरी मूळ आकारात परत येतं. नकली दांडा पहिले काही महिने तितकाच चांगला वाटतो आणि एखाद्या मोठ्या खड्ड्यात कायमचा वाकतो. दुकानात दोन्ही शेजारी ठेवून हाताने वाकवून बघण्यात काही अर्थ नाही.

याच कारणाने वाकलेला दांडा गॅसवर लाल करून सरळ करणं आणि तडकलेला दांडा वेल्डिंग करणं, या दोन्ही गोष्टी ठामपणे नाकाराव्यात. लाल झालेल्या जागी पोलादाची ती सगळी मशागत पुसली जाते. वेल्डिंगच्या कडेला नवी तडक सुरू होते. इतर गाडीत असा दांडा तुटला तर गाडी झुकते. ८०० मध्ये तुटला तर धावत्या गाडीचं पुढचं चाक मागे ओढलं जातं.

रबराची गोष्ट वेगळी. ऊन, ओझोन, इंजिनमधून ठिबकणारं तेल आणि रोजचं घासणं यांनी ते कडक होतं, चिरतं, झिजतं. करकर बंद व्हावी म्हणून काही जण बुशावर जुनं इंजिन ऑइल सोडतात. आवाज त्या दिवशी थांबतो, पण खनिज तेलाने रबर फुगतं आणि भुसभुशीत होतं. नवं रबर बसवताना सरकायला हवंच असेल, तर साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस लावावं.

चौकट : आवाज कुठला, कशाचा?

तिरक्या गतिरोधकावर किंवा एका बाजूच्या खड्ड्यात खट, सरळ गतिरोधकावर शांत: मधल्या पकडींतली रबरं.

सावकाश मागे घेऊन ब्रेक, मग पुढे जाऊन ब्रेक, आणि दिशा बदलली की दर वेळी एकच 'टक्': टोकाची, लोअर आर्ममधली रबरं.

सरळ गतिरोधकावरही ठोका: आधी शॉकअप, त्याच्या वरचं रबर आणि बॉल जॉइंट तपासा.

थंडीत किंवा कोरड्या हवेत करकर, ठोका नाही: रबर कडक झालंय, बदलायची वेळ जवळ आली आहे.

एका बाजूच्या पुढच्या आणि मागच्या चाकामधलं अंतर दुसऱ्या बाजूपेक्षा उघडपणे कमी: दांडा किंवा लोअर आर्म वाकलेला.

रबर की दांडा?

बहुतेक वेळा फक्त रबरं बदलून काम भागतं आणि ती दांड्याच्या मानाने स्वस्त असतात. तेव्हा आधी गाडी गॅरेजमधल्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर उभी करून बघायला सांगावं. एकाने गाडी कडेने धरून डावी-उजवीकडे हलवावी आणि दुसऱ्याने खालून पकडीजवळ बोट टेकवून ठेवावं. फट असेल तर बोटाला दांड्याची उडी कळते.

दांडाच बदलायचा प्रसंग तीन कारणांनी येतो. एक, दगडावर किंवा दुभाजकावर आदळून तो वाकला. बंपरमागे इतक्या खाली असल्यामुळे या गाडीत हे नेहमीचं आहे. दोन, गंजाने खड्डे पडले. तीन, रबराखालची जागा झिजली. हे तिसरं कारण बुश काढल्याशिवाय दिसत नाही. रबर आणि दांडा यांच्यामध्ये धूळ-वाळू शिरते आणि वर्षानुवर्षं घासत राहते. रबर बाजूला केलं, की त्या जागी बोटभर रुंदीचा चकचकीत पट्टा दिसतो, आणि नखाने चाचपलं तर त्याच्या दोन्ही काठांना पायरी लागते. अशा दांड्यावर नवं रबर चढवलं तरी ते सैलच बसणार आणि आवाज महिन्याभरात परत येणार. टोकाचे आटे खाल्ले गेले असतील, तरी दांडा निकालात काढावा.

काम कसं चालतं

या कामात खरी अडचण गंजाची असते, आणि खरा धोका गाडी उचलण्यात असतो. गाडीसोबत येणारा जॅक चाक बदलण्यापुरता आहे. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालू नये. सपाट फरशीवर मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावून, पुढच्या दोन्ही बाजू उचलून गाडी लोखंडी स्टँडवर ठेवावी. दोन्ही बाजू एकदम उचलण्याचं कारण आता वाचकांच्या लक्षात आलं असेल. एकच बाजू उचलली, तर एक चाक लोंबतं, दुसरं दबलेलं राहतं, आणि दांड्याला पुरता पीळ बसलेला असतो. अशा दांड्याचा नट काढला, तर शेवटचा आटा सुटताक्षणी दांडा जोरात उसळतो. हात मध्ये असेल तर बोटं गेली. दोन्ही चाकं सारखीच लोंबत असली, की दांडा निवांत असतो.

आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं तर सकाळचं निम्मं काम झालं. मोबाईलवर दोन्ही टोकांचे फोटो काढावेत: कुठला वॉशर कुठे, त्याची खोलगट बाजू कुणीकडे, रबराचा कुठला भाग आत. हे वॉशर उलटे बसले, तर रबराला धार लागून ते पुन्हा लवकर फाटतं.

टोकाला कॅसल नट असतो, डोक्यावर खाचा असलेला, आणि त्या खाचांतून आरपार स्प्लिट पिन. पिन पक्कडीने सरळ करून ओढावी. तुटली तर ठोकून काढावी, पण ती पुन्हा वापरू नये. नट काढल्यावर मधल्या पकडींचे बोल्ट सोडवावेत. हे बोल्ट सांगाड्यात घातलेल्या आट्यांत जातात. लांब पाइप लावून जोर केला, तर बोल्टचं डोकं तुटतं आणि आत अडकलेला तुकडा काढायला अर्धा दिवस जातो. अर्धा फेरा सोडायचा, पाव फेरा परत आवळायचा, पुन्हा तेल. धीर धरला तर बहुतेक बोल्ट येतात.

पकडी निघाल्या तरी दांडा लगेच हातात येत नाही, कारण त्याची टोकं भुजांच्या भोकांत अडकलेली असतात. एका बाजूचा लोअर आर्म सांगाड्याकडच्या बोल्टपाशी सोडवून थोडा बाजूला घेतला, की जागा होते. जुना दांडा निघाला, की नव्याशेजारी फरशीवर ठेवून बघावा. दोन्ही फरशीला सारखे टेकतात का, टोकांमधलं अंतर तेवढंच आहे का, जाडी तीच आहे का? जाडी मोजायला व्हर्नियर कॅलिपर वापरावा. डोळ्यांना एक मिलिमीटर कळत नाही आणि त्या एका मिलिमीटरने काय होतं ते आपण पाहिलं. पुण्यात नाना पेठेसारख्या सुट्या भागांच्या बाजारात ८०० चा दांडा मागितला, की कुठल्या सालची गाडी हे दुकानदार विचारतो. न विचारता देणाऱ्याकडून घेऊ नये. चोरबाजारातला किंवा भंगारातला जुना दांडाही चालू शकतो, पण रबराखालची जागा आणि टोकाचे आटे बघूनच.

बसवताना क्रम उलटा. दांड्यावर दोन्ही बाजूंना रंगाचे पट्टे असतील, तर ते मधल्या रबरांशी सारखे जुळवावेत. म्हणजे दांडा एका बाजूला सरकून बसत नाही. सरकून बसला तर एक चाक पुढे, एक मागे. रबरं दोन्ही बाजूंची एकदमच नवी घालावीत. एक जुनं, एक नवं ठेवलं तर ब्रेकमध्ये गाडी ओढणारच.

नट-बोल्ट या टप्प्यावर फक्त हलके आवळायचे, पुरते नाहीत. विशेषतः लोअर आर्मचा बोल्ट. त्या बोल्टभोवतीचं रबर दोन्ही बाजूंनी चिकटलेलं असतं. भुजा हलली, की ते स्वतः पिळलं जातं. चाक लोंबत असताना बोल्ट आवळला, तर रबराचा आराम त्या लोंबत्या स्थितीत ठरतो, आणि गाडी जमिनीवर आल्यापासून ते कायम पिळलेलं राहतं. काही महिन्यांत फाटतं. म्हणून चाकं लावावीत, गाडी खाली आणावी, पुढून दोन-चार वेळा दाबून हलवावी, थोडी पुढे-मागे ढकलावी, आणि मग वजन चाकांवर असताना, दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेल्या जोराने टॉर्क रेंचने आवळावं. कॅसल नटाची खाच आणि दांड्यातलं भोक जुळलं, की नवी स्प्लिट पिन घालून तिचे पाय दोन्हीकडे मुडपावेत. खाच जुळत नसेल तर नट सैल करून जुळवू नये, किंचित पुढे आवळून जुळवावा.

चाक धरणारा भाग हलवला आहे, म्हणून त्याच दिवशी अलाइनमेंट करून घ्यावी. आकडे दोन्ही बाजूंना जुळत नसतील, तर आधी दांडा मध्यभागी बसला आहे का ते बघायला सांगावं. स्टिअरिंगचे रॉड फिरवून ते झाकू देऊ नये. नवी रबरं पहिल्या काही दिवसांत थोडी दबतात. तीन-चारशे किलोमीटर झाले, की मधल्या पकडींचे बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासावेत आणि टोकाच्या पिना जागेवर आहेत ना, हे वाकून बघावं.